सामुदायिक ओटी

"आक्का, उद्या साळंत तुमाला यायचंय. पण वैजूला घरातच ठिवा," अंगणवाडीच्या शालनबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं न बघता दारातल्या चिखलाकडं बघत उभ्या राहिल्या.

मी पत्र्यावर ज्वारी पसरून चिवडत होते. पुरात कणगीच बुडालेली, त्यामुळं निम्मी ज्वारी काळी पडलेली, निम्मीला मोड आलेले, आणि सगळ्याला असा आंबूस वास की कोंबडीसुद्धा तोंड फिरवून जात होती.

"कशाला यायचंय?"

"ओट्या भरायला. वहिनीसाहेबांनी सामुदायिक ओटीभरण ठिवलंय. सगळ्या गरवार बायकांचं. पाच सवाशिणी लागत्यात, त्यात त्यांनी तुमचं नाव घातलंय."

मला वाटलं, पुराचं पाणी हिच्या डोक्यात शिरलंय. "अगं बया! माझ्या लेकाचं वरीस व्हायचंय अजून. मी कुणाच्या ओट्या भरू?"

"मी म्हटलं की तसं. तर म्हणाल्या, पूर आलेल्या घरातली एक तरी सवाशीण पायजे, बरं दिसतं. आक्काचा नवरा मजुरीला परगावी का असंना, जित्ता हाय न, मग झालं."

म्हणजे दुखवटा बाजूला ठेवता येत होता. वहिनीसाहेबांना बरं दिसत असलं की सगळंच बाजूला ठेवता येत होतं. कारखान्याच्या संचालकांची ही बायको. आमच्याकडं कुणाच्या विहिरीला पाणी लागलं तरी नारळ हिनंच फोडायचा. पूर आला तेव्हा मात्र ही सांगलीच्या बंगल्यात. पाणी उतरलं, रस्ता वाळला, मग पांढऱ्या गाडीतून आली आणि गाडीतूनच हात हलवून गेली.

"आणि वैजूचं पाकीट?" मी विचारलं.

शालनबाई चपलेचा चिखल उंबऱ्याला घासायला लागल्या.

ते पाकीट म्हणजे काय होतं ते सांगते. मुंबईची कुठलीशी संस्था होती. तिनं कबूल केलं होतं की पूर आलेल्या गावात जितक्या गरोदर आणि ओल्या बाळंतिणी आहेत त्यांना दर महिन्याला खाणं देऊ. सातूचं पीठ, डाळ, तेल, दुधाची पावडर, शेंगदाण्याचे लाडू. आणि हे सगळं मूल अन्न खायला लागेपर्यंत. तोवर आमच्या नशिबी मदतीत आलेली बिस्किटं आणि त्या वेटोळ्या शेवया. वैजू, माझी सून, सातव्या महिन्यात होती आणि तोंड असं पांढरंफटक की हळद लावली तर चढायची नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि मलाच दम दिला. "हिच्या अंगात रक्त नाही, मावशी. असंच राहिलं तर बाळंतपणात दोघांपैकी एक जाईल, नाहीतर दोघंही. गोळ्या देते, पण गोळ्या उपाशीपोटी काय करणार? खायला घाला हिला." मी हो म्हणाले. काय घालणार होते? मोड आलेली ज्वारी?

आणि तिच्या पोटात माझ्या सर्जेरावाचं मूल. पूर आला त्या दिवशी त्यानं गुऱ्हाळातली काहील पाण्यात लोटली आणि तिच्यात बसवून गल्लीतली माणसं शाळेच्या गच्चीवर पोचवली. गूळ कढवायच्या त्या भांड्यातून अर्धी गल्ली वाचली. शेवटच्या खेपेला काहील भोवऱ्यात सापडली. ती दुसऱ्या दिवशी मळ्यात सापडली, आणि तो त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यानंतर वैजू रडली नाही. बोलायचीही बंद झाली. जेवायला बस म्हटलं की बसायची, ऊठ म्हटलं की उठायची.

"शालन, मी तुला विचारते हाय. वैजूचं पाकीट?"

"आता पाकीट ओटीतच घालणार हायत, आक्का. नुसतं वाटप कसं दिसतं, म्हणाल्या. ओटीत घातलं की संस्कृती दिसती. आणि वैजूची ओटी..." तिनं आतल्या बाजूला मान वळवली. "तुमी समजून घ्या की. तिचं पाकीट मी कार्यक्रम झाला की मागल्या दारानं आणून देते. आईच्यान."

आत वैजू भिंतीला टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकलं असणार. आमचं घर ते केवढं, आणि त्यातली एक भिंत पुरातच गेलेली.

मला त्या ओट्या भरायच्या नव्हत्या. पण पाकिटावर नजर ठेवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून गेले. अडला नारायण गाढवाचे पाय धरी, दुसरं काय.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. बाहेर अजून मेलेल्या ढोरांचा वास येत होता आणि आत उदबत्त्यांचे जुडगे लावले होते. दोन्ही वास एकमेकांत मिसळले होते. भिंतीवर वहिनीसाहेबांचा एवढा मोठा फोटो, आणि त्याखाली टेबलावर पाकिटांची रास. मी आधी रास बघितली. चांगली भरभक्कम होती. जिवाला बरं वाटलं.

मग खुर्च्यांवर बसलेल्या बायका बघितल्या, आणि माझं डोकं फिरलं. आमच्या गल्लीतल्या पोरी मागं बसलेल्या, पदरानं तोंड पुसत. पुढच्या सगळ्या खुर्च्यांवर कारखान्याच्या कॉलनीतल्या लेकी-सुना. हिरव्यागार साड्या, फुलांचे दागिने, गाल असे की टिचकी मारली तर रक्त येईल. कॉलनी टेकाडावर. तिथं पुराचं पाणी सोडा, चिखलसुद्धा गेला नव्हता.

"ह्या कशाला आल्यात?" मी शालनला कोपरानं ढोसलं.

"मांडव भरायला नको का? आपल्या पोरी फोटोत लईच वाळक्या दिसत्यात, म्हणाल्या."

ओट्या सुरू झाल्या. सनई लावली. मी हळदकुंकू लावत होते, खण, नारळ, तांदूळ घालत होते आणि वर ते पाकीट ठेवत होते. हात आपसूक चालत होते. जन्मभर केलेलं काम ते. गावात कुणाचंही डोहाळजेवण असलं की पहिलं बोलावणं मला यायचं, माझा हात चांगला म्हणून. त्या दिवशी मात्र प्रत्येक ओटीला माझं लक्ष त्या राशीकडं. रास उतरत चालली होती.

वहिनीसाहेबांच्या भाचीच्या ओटीत मी पाकीट ठेवलं तशी ती नाक मुरडून शेजारणीला म्हणाली, "ई, सातूचं पीठ! हे कोण खाणार घरी?"

"तू कशाला खातीस? मोत्याला घाल," शेजारीण म्हणाली, आणि दोघी फिदीफिदी हसल्या.

मोत्या म्हणजे कुत्रा होता, हे मला नंतर कळलं.

रास संपली. नमुना म्हणून दर्शनी ठेवलेलं एक पाकीट तेवढं टेबलावर उरलं. मी चार पावलं चालून गेले आणि त्यावर हात ठेवला.

"आक्का, ते राहू दे. पाहुण्यांना दाखवायचंय," वहिनीसाहेब म्हणाल्या. आवाज गोड, अगदी साखरेत घोळलेला.

"माझ्या सुनंचं हाय ह्ये. यादीत तिचं नाव पहिलं हुतं."

"अगं, तिचं बघू आपण नंतर."

"कवा बघणार? रास तर सपली. तिची बी ओटी भरा, न्हाईतर पाकीट तरी द्या, मी जाते घरी."

वहिनीसाहेब माझ्या जवळ आल्या आणि कानात बोलल्यासारखं बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तू जाणती बाई आहेस. इथं एवढ्या पोरींच्या पोटात जीव आहेत. शुभकार्यात तिची सावली कशाला? कुणाचं काही वाईट झालं, तर बोल कुणाला लागेल?"

"आणि तिच्या पोटात काय धोंडा हाय?"

सनईवाल्यानं टेप बंद केली. ज्या बायकांना माझ्या लेकानं काहिलीत बसवून गच्चीवर नेलं होतं त्यांतल्या दोघी तिथंच बसल्या होत्या, त्या आपल्या ओटीतल्या नारळाची शेंडी कुरवाळायला लागल्या. आता ह्यांना काय म्हणावं? माणसं मेली नाहीत म्हणून जिवंत म्हणायचं एवढंच.

तेवढ्यात बाहेर गाडी वाजली. संस्थेच्या मॅडम आल्या. चिखलात गाडी रुतल्यामुळं त्यांना उशीर झाला होता. तरणीताठी पोर, खादीचा कुडता, गळ्यात ओळखपत्र, आणि मागं भलामोठा कॅमेरा घेतलेला एक माणूस. आल्या आल्या तिनं पुढच्या रांगेकडं बघितलं आणि तिचा चेहराच पडला.

"वहिनीसाहेब, ह्या सगळ्या... म्हणजे, चांगल्या घरच्या वाटतात. आम्हाला खरी केस पाहिजे होती. देणगीदारांना दाखवायला."

मला वाटलं, देव पावला. मी पुढं झाले. "मॅडम, माझी सून हाय. नवरा पुरात गेला तिचा. सातवा महिना चाललाय, अंगात रक्त न्हाई. तिला पाकीट मिळालं न्हाई."

पोरीचे डोळे चमकले. खोटं सांगत नाही, दिवाळीत पोरांचे चमकतात तसे चमकले. "नवरा पुरात गेला? आणि गरोदर आहे? अहो, मग हीच तर आपली स्टोरी! कुठं आहेत त्या? बोलवा ना!"

आणि वहिनीसाहेब? सरडा तरी रंग बदलायला वेळ घेतो. "हो हो, आमची वैजू! लेकच म्हणा माझी. आत्ता गाडी पाठवते."

"गाडी कशाला?" मी म्हणाले. "ह्ये पाकीट मीच नेते की. ती चालून दमंल."

"तसं नाही चालत मावशी," मॅडम म्हणाल्या. "लाभार्थीच्याच हातात द्यावं लागतं. फोटो लागतो."

ज्या वैजूची सावली घडीभरापूर्वी नको होती ती पांढऱ्या गाडीतून आली. तिच्या अंगावर मदतीतच आलेली साडी होती. गुलाबी, जरीच्या काठाची, कुणालातरी नकोशी झालेली. दुसरी वाळलेली साडी घरात नव्हती. पण पोरीनं ती स्वच्छ धुतली होती, चापूनचोपून नेसली होती. ती मांडवात आली तशा पुढच्या रांगेतल्या बायकांनी आपापली पोटं पदरानं झाकली. मी बघितलं ते. जन्मात विसरणार नाही.

"ओटी नको बरं का," वहिनीसाहेब भाचीला समजावत होत्या. "नारळ नाही, कुंकू नाही. नुसती मदत द्यायची. त्याला काही होत नाही."

वैजूला मध्ये उभं केलं. कॅमेरावाल्यानं डोळा लावला, काढला, पुन्हा लावला. "मॅडम, ह्या साडीत पूरग्रस्त वाटत नाहीत."

"हो, जरा फेस्टिव्ह वाटतंय," मॅडम म्हणाल्या. "दुसरी काही..."

"दुसरी कशाला?" असं म्हणत वहिनीसाहेब मांडवाच्या कडेला गेल्या, वाकल्या, दोन बोटांनी चिखल घेतला आणि वैजूच्या पदराला फासला. मग खांद्याला. मग लांब होऊन बघितलं आणि पुन्हा थोडा, गालाजवळ. ज्या हाताला तिला कुंकू लावायचा विटाळ होत होता, त्या हाताला चिखल लावायचा झाला नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात म्हणतात, ती मी त्या दिवशी अशी समोर, उदबत्तीच्या वासात उभी असलेली बघितली.

मी ओरडायला पाहिजे होतं. पण टेबलावर ते पाकीट होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी ओढलेली ती पांढरी पापणी माझ्या डोळ्यांपुढं होती. मी दात आवळून उभी राहिले.

"हां, आता ताई, पाकीट असं धरा. संस्थेचं नाव पुढं," मॅडम सांगत होत्या. "वर वहिनीसाहेबांकडं बघा. थोडं... आठवा ना त्यांना, म्हणजे डोळ्यांत पाणी येईल."

वैजू बघतच राहिली. पाकिटाकडं, मग त्या पोरीकडं. पुरानंतर मी तिचा आवाज नीट ऐकला नव्हता. तो तेव्हा ऐकला.

"पानी येत न्हाई," ती म्हणाली. "मला भूक लागलीया."

आणि ती तिथंच, मांडवाच्या मधोमध, खाली बसली. पाकीट मांडीवर घेतलं आणि दातानं टरकावलं.

"अहो, लेबल फाटलं!" कॅमेरावाला ओरडला. "आत्ता नका खाऊ!"

कोण ऐकतंय? लाडवाचा डबा तिनं उघडला आणि एक लाडू अख्खाच्या अख्खा तोंडात कोंबला. गाल फुगले, चुरा हनुवटीवरून पोटावर सांडला. तो गिळायच्या आधीच दुसरा उचलला. ठसका लागला, तरी खातच होती. पुढच्या रांगेतून कुणीतरी "शी" म्हणालं. माझ्या डोळ्यांना धार लागली. इतके दिवस ही पोर जेवायला बस म्हटलं की बसत होती, ऊठ म्हटलं की उठत होती, आणि ताटात काही नसायचंच हे तिनं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

"हेच! हेच घे!" मॅडम कॅमेरावाल्याला हळूच म्हणाल्या. "क्लोजअप. चुरा दिसू दे."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. दोन उड्यांत मध्ये गेले, पदर सोडला, दोन्ही हातांनी त्याची दोन टोकं धरून लांब केला आणि वैजूच्या पुढं आडवी उभी राहिले. पोराला पाजणाऱ्या बाईला आपण आडोसा करतो, तसा. माझं लुगडं ठिगळाचं, पदर विरलेला, पण तेवढा आडोसा झाला.

"मावशी, बाजूला व्हा!"

"न्हाई हुणार."

"आक्का, अगं तमाशा करतीस?" वहिनीसाहेब आल्या. माझ्या पुढ्यात उभ्या राहिल्या, आणि कॅमेरा दिसला तसं सवयीनं तोंडावर हसू आलं.

"तमाशा तुमी मांडलाय. तिचं खाऊन हुईस्तवर मी हलणार न्हाई. काढा कुणाचा काढायचा त्यो फोटू!"

कॅमेरा दोन-तीनदा उजळला. मी डोळे मिटून घेतले. पाठीमागून फक्त वैजूच्या खाण्याचा आवाज येत होता.

पुढच्या महिन्यात पाकीट आलं नाही. शालननं मान खाली घालून सांगितलं, "तुमच्याकडनं सहकार्य मिळालं न्हाई म्हणत्यात." मग मी धनगरवाड्यावर गेले, वरच्या आळीला गेले. खोटं कशाला बोलू, दारोदार हात पसरला. कुणी पेलाभर शेळीचं दूध दिलं, कुणी कोंबडीनं घातलं तर अंडं. ज्या दोघी मांडवात नारळाच्या शेंड्या कुरवाळत बसल्या होत्या, त्यांनी आपापली पाकिटं आणून उंबऱ्यावर ठेवली आणि पाठ फिरवून गेल्या. मी ठेवून घेतली. राग करायची ऐपत नव्हती.

वैजू सिव्हिल हॉस्पिटलात बाळंत झाली. मुलगी. मांजराच्या पिलाएवढी, पण रडली ती अशी की शेजारच्या खाटेवरची बाई दचकली. मायलेकी दोघी वाचल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "निभावलं तुम्ही, मावशी."

घरी येताना एसटीतून स्टँडवर उतरलो. पोर माझ्या हातात होती, मागून वैजू हळूहळू चालत होती. चौकात भलामोठा नवा फलक लावला होता आणि त्याखाली माणसं उभी राहून वर बघत होती. मीही बघितलं, आणि बघते तर काय, मीच! ठिगळाचं लुगडं, मिटलेले डोळे, उघडलेलं तोंड, दोन्ही हातांनी लांब केलेला पदर. आणि माझ्या समोर, हसतमुख, अन्नपूर्णेसारख्या उभ्या वहिनीसाहेब. मागची वैजू दिसतच नव्हती.

मला वाचता येत नाही. "काय लिवलंय गं?" मी विचारलं.

वैजूनं वाचलं. मनातच वाचलं, आणि तोंड फिरवलं.

"सांग की. माझाच फोटू हाय, मला कळूदे."

"'मदतीसाठी पूरग्रस्त मातेनं पसरला पदर,'" वैजू म्हणाली. "'वहिनीसाहेबांनी भरली मायेची ओटी.'"

मी पोरीला वैजूच्या हातात दिलं. पुढं गेले, मान वर केली, सगळं बळ एकवटलं आणि पचकन थुंकले.

फलक फार उंच लावला होता. पोचलं नाही.